मासा वाढवणं आणि मासा राखणं



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं अशा माणसाने माशांवर बोलायला उभं राहावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. संयोजकांनाही वाटलं होतं. आम्ही त्यांना म्हटलं, माशांवर बोलूच, पण खरं तर एका शब्दावर बोलायचं आहे. आणि शब्दांची झडती घेणं हा आमचा जन्माचा धंदा आहे. तो शब्द म्हणजे 'संवर्धन'.

हा शब्द मराठीत दोन पाट्यांवर भेटतो. तलावाच्या काठी पाटी असते 'मत्स्यसंवर्धन'. तिथे अर्थ असा, की रोहू, कटला, मृगळ यांचं बोटाएवढं बीज आणायचं, तलावात सोडायचं, वाढवायचं आणि बाजारात न्यायचं. दुसरी पाटी जंगलाच्या वेशीवर, 'जैवविविधता संवर्धन'. तिथे अर्थ असा, की जे आपोआप आहे ते आहे तसं टिकू द्यायचं. पहिला अर्थ शेतीचा आहे, दुसरा राखणीचा. शेतकरी नको असलेलं उपटतो, हवं ते पेरतो. राखणदार काही पेरत नाही. तो कुणाला आत येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. ही दोन माणसं एकाच शेतावर एकाच दिवशी कामाला लावली तर त्यांची भांडणं होतील. आपण मात्र दोघांनाही एकच हुद्दा दिला आहे.

आमचं म्हणणं असं, की नदीतल्या माशांच्या बाबतीत गेल्या पन्नास वर्षांत जी घोडचूक झाली, ती या दोन अर्थांच्या सरमिसळीतून झाली. शब्दाने ती केली असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी केली त्यांतले बरेचजण इंग्रजीत विचार करत होते, आणि इंग्रजीत या दोन कामांना दोन निराळे शब्द आहेत. म्हणजे गोंधळ विचारातला होता. मराठीत तो शब्दातच मुरला आहे, त्यामुळे आपल्याला तो दिसायला जास्त वेळ लागतो, इतकंच.

आपल्या परंपरेत माशाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती संवर्धनाची गोष्ट आहे हे सहसा कुणी सांगत नाही. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हाती सकाळी हात धुताना एक चिमुकला मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ. लहान आहोत तोवर मोठे मासे आम्हाला गिळतात. मनू त्याला मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात. पुढे प्रलय वगैरे येतो, त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही. आम्हाला या गोष्टीत लक्षात घेण्याजोगी बाब ही वाटते, की कुठे ठेवायचं हे प्रत्येक वेळी मासा सांगतो. मनूने स्वतःच्या सोयीचा तलाव निवडलेला नाही. मडकं आणि खड्डा ही वाट होती, मुक्काम नव्हता.

आता कागदावरच्या माशाकडे येऊ. साल १८३९. विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी, ज्याला मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं, तो लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीतर्फे दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध करतो. पक्षी, पिकं, लोकसंख्या, हवामान असं सगळंच हा गृहस्थ टिपत असे. माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने जे केलं, त्यासाठी आम्ही त्याला अर्धे गुण जास्त देऊ. लॅटिन विशेषणं शोधत बसण्याऐवजी नदीकाठच्या लोकांच्या तोंडची नावंच त्याने उचलली. कोलस, बोगट, फुलंगी, मुल्या, ताकरी, खुद्री. उच्चार त्याच्या कानाला जसे वाटले तसे. आपण आज त्यातल्या एखाद्याला वेगळ्या तऱ्हेने हाक मारू. मुल्या म्हणजे आपला मळ्या, ओढ्यात दगडाला तोंडाने चिकटून राहणारा. पण आजही जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत त्या माशाचा उल्लेख 'गारा मुल्या' असाच करावा लागतो. भोयाकोळ्यांच्या बोलीतला एक शब्द शास्त्राने असा कायमचा नोंदवला.

यातला खुद्री हा आपला आजचा नायक. 'टॉर खुद्री', म्हणजे निळ्या परांचा महसीर. आपल्याकडे कुठे त्याला खडशी म्हणतात. साइक्सला तो मिळाला पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेत. शास्त्रात ज्या जागेच्या नमुन्यावरून नाव पडतं तिला 'मूळ स्थान' म्हणतात. निळ्या परांच्या महसीराचं मूळ स्थान आहे मुळा-मुठा. पुण्यात वाढलेल्या किती जणांना हे माहीत आहे? आम्हाला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आज त्याच नदीत गळ टाकलात तर तुमच्या हाती टिलापिया येण्याचा संभव जास्त. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला, तोही मत्स्यसंवर्धनासाठीच. सांडपाण्यातही तग धरतो, पिल्लं तोंडात सांभाळतो, आणि वाढतो. 'संवर्धना'चा पहिला अर्थ घेतला तर मुळा-मुठेतलं संवर्धन कमालीचं यशस्वी झालेलं आहे, असंच म्हणावं लागेल.

साइक्सने आणखी एक नाव दिलं, 'मुसुल्ला'. तो नमुना घोडनदीतला, शिरूरचा. हे नाव लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

आता लोणावळा. इथे आम्ही सावधपणे बोलणार आहोत, कारण ज्यांच्यावर टीका करायची त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. डॉ. चं. वि. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यातले मोठे नाव. कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान माशाला १९५२ साली त्यांनी 'खवलचोर' हे मराठी नाव शास्त्रात बहाल केलं. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. साइक्सची परंपरा एका मराठी माणसाने चालवली, तीही अधिक चांगल्या मराठीत! याच कुलकर्ण्यांनी पुढे लोणावळ्याच्या तलावांवर निळ्या परांच्या महसीराचं प्रजनन अभ्यासलं. पावसाळ्यात तलाव भरू लागला की हे मासे येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जमतात. तिथे ते पकडायचे, मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, नराचं शुक्र मिसळायचं, आणि वाहत्या स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची. टाटा वीज कंपनीने वळवणला उबवणी केंद्र उभारलं. सुरुवातीला कुलकर्णी, नंतर ओगले यांच्यासारखे लोक तिथे दशकानुदशकं राबले. देशभरच्या धरणांत आणि नद्यांत लोणावळ्याची पिल्लं गेली.

हे काम खोटं नव्हतं. महसीर कमी होत चालला होता. सुरुंग लावून, विष कालवून, अंडी भरलेल्या माद्या मारून तो संपवला जात होता. अशा वेळी कुणीतरी हाताने अंडी काढून पिल्लं जगवली. पुढे निरनिराळ्या कारणांनी का असेना, आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०११ साली 'संकटग्रस्त' असलेला हा मासा 'किमान चिंता' या वर्गात आला. कुठल्याही अहवालात ही यशोगाथा म्हणून छापता येईल.

मग आक्षेप काय?

आक्षेप समजून घ्यायला कावेरीवर जावं लागेल. कर्नाटकात भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमक्कळी हा कावेरीचा पट्टा. तिथे एक महसीर होता आणि अजून थोडासा आहे. पाठीवर उंचवटा, पर केशरी. जगातल्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या लढवय्या माशांत त्याची गणना. १८७३ साली थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून साहेबलोक त्याच्यासाठी कावेरीला येत. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा मासा काढला. म्हणजे आपल्या मोजणीने चोपन्न किलो. एवढा प्रसिद्ध मासा, पण त्याला स्वतःचं शास्त्रीय नाव नव्हतं. सुंदरलाल होरा हे आपले थोर मत्स्यशास्त्रज्ञ. त्यांनी १९४०च्या दशकात त्याला साइक्सचंच जुनं नाव लावलं, मुसुल्ला. शिरूरच्या घोडनदीत ज्या माशाला पडलेलं नाव, ते कावेरीच्या माशाच्या अंगावर चढवलं गेलं. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं की साइक्सचा मुसुल्ला हा मुळात महसीरच नव्हे. तो वेगळ्या कुळीचा मासा. म्हणजे कावेरीचा राजा सत्तर वर्षं दुसऱ्याच्या नावाने वावरत होता.

नाव नसण्याने काय बिघडतं, असं कुणी विचारील. बिघडतं ते असं. लाल यादीत नोंद व्हायची तर शास्त्रीय नाव लागतं. नाव नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर धोका नाही. आमच्या न्यायशास्त्रात नामरूपाचा विचार पुष्कळ आहे, पण नाव नसल्यामुळे एखादी वस्तू मरायला मोकळी होते हा मुद्दा आम्ही कुठल्या टीकाकारात वाचलेला नाही. तो सरकारी कागदांनी शिकवला.

या अनामिक माशाच्या नदीत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लोणावळ्याची निळ्या परांची पिल्लं सोडली गेली. हेतू चांगलाच होता. कावेरीतला महसीर कमी होतोय ना, मग महसीर सोडा. वाक्य ऐकायला किती सरळ आहे बघा. 'महसीर कमी होतोय, महसीर सोडा.' पहिला महसीर आणि दुसरा महसीर हे दोन निराळे मासे आहेत, हे या वाक्यात दिसतच नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्ही याला छल म्हणून शिकवतो: एक शब्द, दोन अर्थ, आणि मधल्यामध्ये निष्कर्ष निसटतो. वर्गात याने दोन गुण जातात. कावेरीत एक जात जायची वेळ आली.

पुढे काय झालं हे आपल्याला कळतं ते एका विचित्र मार्गाने. कावेरीच्या काठी गळाने मासे पकडून पुन्हा सोडणाऱ्या शौकिनांच्या छावण्या होत्या. गलिबोरेच्या छावणीत रोजची नोंदवही ठेवली जाई. किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कुठला मासा, वजन किती. १९९८ ते २०१२ अशा नोंदी, सहा हजारांहून अधिक मासे. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आदी अभ्यासकांनी या वह्या उघडल्या तेव्हा दोन रेघा दिसल्या. निळ्या परांच्या माशांची संख्या चढत गेलेली, आणि उंचवट्याच्या माशांची उतरत गेलेली. त्यातही एक बारकावा आहे, तो ऐका. उंचवट्याचे जे थोडे मासे मिळत होते, त्यांचं सरासरी वजन वाढत होतं. कुणालाही आधी वाटेल, छान, मासे मोठे होताहेत. तो अर्थ उलटा आहे. म्हाताऱ्यांचं गाव असतं ना, जिथली शाळा बंद पडली आहे, तसं. मोठे आहेत कारण लहान येतच नाहीत.

अशी गावं आपण पाहिली आहेत. आणि त्या गावात बाहेरची वस्ती वाढली म्हणून शिरगणतीत लोकसंख्या वाढलेली दिसावी, तसं कावेरीचं झालं. 'महसीर' मोजलेत तर नदीत महसीर भरपूर आहेत.

न्याय्य बोलायचं तर सगळा दोष लोणावळ्याच्या पिल्लांच्या माथी मारता येणार नाही. कावेरीवर धरणं आहेत, वाळूचा उपसा आहे, पाण्याची ओढाताण आहे, सुरुंग आहेत. पण या सगळ्या संकटांत आपण आणखी एक संकट स्वतःच्या हाताने, पदरचे पैसे खर्चून, फोटो काढून आणून सोडलं, आणि त्याचं नाव ठेवलं संवर्धन. हे टोचतं.

नावाचं काम कसं मिटलं तेही सांगून टाकू. २०१८ साली पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की केरळच्या पांबार नदीत, जी कावेरीलाच मिळते, तिथून कुरूप आणि राधाकृष्णन यांनी ज्या महसीराला 'टॉर रेमादेवी' असं नाव दिलं होतं, तोच हा उंचवट्याचा मासा. त्याच वर्षी लाल यादीत त्याची नोंद झाली: 'अतिसंकटग्रस्त'. यादीत दाखल झाला तोच शेवटच्या खालच्या पायरीवर. एखाद्याचा जन्मदाखला आणि दवाखान्याचा कागद एकाच दिवशी हाती यावा, तसं.

इथे आम्हाला थोडा आमचा विषय काढू द्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रश्न येतो, 'गाय' या शब्दाचा अर्थ काय? समोर उभी असलेली एक गाय, म्हणजे व्यक्ती? की गायीचा आकार, म्हणजे आकृती? की सर्व गायींत असलेली जाती? उत्तर असं, की तिन्ही. प्रसंगानुसार कधी एक मुख्य, कधी दुसरं. आता माशाला हे लावून बघा. गळवाला व्यक्ती पाहतो. किती पौंडांचा मासा लागला ते त्याला आयुष्यभर आठवतं. उबवणी केंद्र जाती पाहतं. लाखो पिल्लं, सगळी खुद्री. लाल यादीही जातीच पाहते. व्यक्ती, आकृती, जाती, तिघांचीही नीट सोय झाली. राहिलं काय? राहिलं अधिकरण. मासा कुठे असतो? 'नदीत'. ती सप्तमी विभक्ती गळून पडली. आपल्या व्याकरणाने अधिकरणाला कारकांत मानाची जागा दिली आहे, कारण आधाराशिवाय क्रिया होत नाही. आणि माशाच्या बाबतीत ही नुसती व्याकरणाची बाब नाही. मुळा-मुठेतला खुद्री आणि कावेरीत सोडलेला खुद्री यांची जाती एक असेल. पण पहिला नदीचा रहिवासी आहे आणि दुसरा आक्रमक. जे यादीत 'किमान चिंता' म्हणून नोंदलं गेलं, ते मुळा-मुठेच्या काठी उभं राहून वाचलं तर त्या शब्दांचा अर्थच लागत नाही. चिंता कुणी करायची नाही? कुठे?

आता मासा 'नदीत' असतो म्हणजे नेमकं कशात असतो, हे थोडं पाहू. आमच्यासारख्या शहरी माणसाला नदी म्हणजे पाणी वाटतं. माशाला पाणी पुरत नाही. महसीराला अंडी घालायला गोट्यांचा, चाळीचा उथळ तळ लागतो, आणि वरून स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं खळखळतं पाणी. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात. वरच्या डोंगराची माती खरवडली गेली आणि गाळ आला, की फटी बुजतात, अंडी गुदमरतात. मोठ्या माशांना उन्हाळा काढायला खोल डोह लागतात, सावलीचे. आणि या दोहोंच्या मध्ये वाट मोकळी लागते. पहिला पाऊस झाला की मासे ओढ्यांतून वर चढतात. ठाणे-रायगडात याला वलगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. चढणीच्या माशांचं कालवण चुकवू नये असं आमची आजी म्हणायची, आणि चव खरोखरच असते, खोटं कशाला बोला. पण ते मासे म्हणजे पोटात अंडी घेऊन निघालेल्या माद्या, हे आजीच्या काळी नदीला परवडत होतं. वाटेवर बांध, खाली कमी पाणी, आणि गावोगावी बारीक जाळी, असं झाल्यावर परवडेना.

महसीर मोठा आणि देखणा म्हणून त्याच्यावर कुणीतरी केंद्र काढतं. खंडाळ्याच्या ओहोळात बोटाएवढा एक मासा आहे, 'पॅरासिलोरिंकस'. अ‍ॅनंडेल यांनी १९१९ साली त्याचं वर्णन केलं. ओठांनी आणि परांनी भिजल्या कातळाला धरून, पाण्याच्या झोतात तो उभा राहतो. लोणावळ्याच्या उबवणी केंद्रापासून गाडीने काही मिनिटांचं अंतर. त्याला कुणी ट्रेमध्ये वाढवलेलं नाही, आणि वाढवून उपयोगही नाही. त्याला पाहिजे आहे तो ओहोळ. ओहोळ असला तर तो आहे. ओहोळावर रिसॉर्टचा बंधारा बांधला तर तो नाही. इथे 'संवर्धना'चा पहिला अर्थ चालतच नाही, म्हणून अशा माशांची आठवणही कुणाला होत नाही. आमच्या राज्याने २०२३ साली राज्यमासा निवडला तोही पापलेट. पापलेटाबद्दल आमची तक्रार नाही. पण नद्यांच्या उगमांवर वसलेल्या राज्याला गोड्या पाण्यातला एक मासा आठवू नये?

लोणावळ्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या तलावांवर हे प्रजनन झालं ते तलाव १९१५पासून सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते पश्चिमेला खोपोलीकडे उतरवतात. त्यातून वीज होते. म्हणजे पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी पश्चिमेला कोकणात जातं. मुळशीचं पाणी असंच भिऱ्याला जातं, आणि मुळशीत सेनापती बापटांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. त्या सत्याग्रहात जमिनीचा प्रश्न होता, माशांचा नव्हता. तेव्हा तसा प्रश्न कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. वीज मुंबईला हवी होती आणि ती मिळाली. आम्हीही तिच्या उजेडात वाचलेलं आहे. पण पाणी पश्चिमेला आणि पिल्लं देशभर, असा हिशेब झाल्यावर पूर्वेच्या नदीच्या खात्यात काय जमा झालं, हे विचारायला हवं की नको?

आता राखणीचं उदाहरण. महाडजवळ रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. कोंड म्हणजे कोकणातला खोल डोह. काठी वरदायिनीचं ठाणं. तिथे महसीर आहेत, चांगले हातभर लांब, आणि ते कुणी मारत नाही. देवीचे मासे आहेत. असाच डोह वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेवर, महादेवाच्या देवळापाशी. देहूला इंद्रायणीच्या डोहातही मासे राखलेले असत. या जागांवर संवर्धनाची पाटी नव्हती. लोक म्हणत, 'मासे राखलेत.' राखले, म्हणजे मारले नाहीत. एवढंच केलं, आणि एवढ्याने पिढ्यान् पिढ्या काम भागलं.

पण इथेही आम्ही भावूक होणार नाही, कारण व्याख्यानात देवराई आणि देवडोह आले की टाळ्या मिळतात, आणि विचार थांबतो. वाळणला भाविक चुरमुरे, कणकेचे गोळे टाकतात. मासे माणसाच्या हाताला सोकावतात. राखणीची हद्द डोहाएवढीच. डोहाच्या वर आणि खाली नदी कुणाची नाही. अंडी घालायला मासा वर चढला की तो देवीचा राहत नाही. आणि इंद्रायणीत वरून येणारं मैल्याचं आणि कारखान्यांचं पाणी देहूच्या डोहात मासे मारून गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ते पाणी श्रद्धेला विचारून येत नाही. तेव्हा देवडोह ही राखणीची अपुरी आवृत्ती आहे. मात्र तिच्यात एक बरोबर गोष्ट आहे, ती केंद्रात नाही: तिथे जागेपासून सुरुवात होते. आधी डोह पवित्र, मग मासा. सप्तमी शाबूत आहे.

यावर नेहमी एक प्रश्न येतो, तो आम्हीच घेतो. 'सर, गरिबाच्या ताटात मासा यायला नको का? भोई समाजाने जगायचं कसं?' प्रश्न योग्य आहे, आणि आमच्या विरोधात नाही. तलावात रोहू-कटला वाढवा, जरूर वाढवा; ती शेती आहे, तिला शेतीच म्हणा, तिचे नियम शेतीचे ठेवा. पण ती पुरात फुटून नदीत जाणार नाही याची काळजी शेतकऱ्याने घ्यायची. गंगेच्या खोऱ्यातला कटला कृष्णा-गोदावरीच्या धरणांत सोडताना तिथले कोलस, बोगट, फुलंगी, म्हणजे ज्या माशांवर भोयांचा खरा निर्वाह होता, त्यांचं काय होईल हे कुणी विचारलं का? धरणात कंत्राट निघतं. बीज ज्याचं, मासा त्याचा. नदीतला मासा कुणाचाच नव्हता म्हणून तो भोयाचा होता. संवर्धनाने मासा वाढला असेल. भोयाचा हक्क वाढला असं आम्हाला दिसत नाही. ज्यांना याचा अनुभव आहे त्यांनी आम्हाला दुरुस्त करावं.

आज हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२०पासून केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम आहे. त्यात स्थानिक जातीचे बीज सोडावे असा विचार आहे, आणि ही सुधारणा आम्ही मान्य करतो. पण 'स्थानिक' म्हणजे काय? देशी? राज्यातलं? की याच नदीच्या याच उपखोऱ्यातलं? कावेरीत सोडलेला खुद्रीही देशीच होता. पश्चिम घाटातलाच होता. घाटमाथ्याच्या दोन उतारांवरच्या, किंवा शेजारच्या दोन खोऱ्यांतल्या नद्या माशाला दोन खंडांइतक्या दूर असतात. तो डोंगर चालून ओलांडू शकत नाही. म्हणूनच तर सह्याद्रीत इतके वेगवेगळे मासे झाले. आपण टेम्पोत ऑक्सिजनच्या पिशव्या भरून तो डोंगर दोन तासांत ओलांडतो.

म्हणून आमची सूचना क्षुल्लक वाटेल अशी आहे. नदीत पिल्लं सोडण्याच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या कागदावर दोन रकाने वाढवावेत. ही पिल्लं ज्या माद्यांची, त्या कुठल्या नदीतल्या? आणि ज्या नदीत सोडायची, तिथले मासे कमी का झाले? दुसरा रकाना भरताना अधिकाऱ्याला 'सांडपाणी', 'गाळ', 'बांधामुळे वाट बंद', 'पाणी नाही' यापैकी काहीतरी लिहावंच लागेल. ते लिहिल्यावर त्याच कागदावर पिल्लं सोडण्याचा आदेश काढणं त्याला थोडं अवघड वाटेल. थोडं अवघड वाटलं तरी पुष्कळ आहे. आणि पहिला रकाना रिकामा असेल तर टेम्पो परत पाठवावा.

पुण्यात सध्या नदीकाठ सुधारण्याचं काम चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून चव्वेचाळीस किलोमीटर. 'सुधार' हाही झडती घेण्यासारखा शब्द आहे, पण आज त्यात शिरत नाही, वेळ संपत आली. फक्त एवढं बघा, की त्या आराखड्याच्या चित्रांत फिरायला आलेली माणसं आहेत, सायकली आहेत, बाक आहेत. साइक्सला जिथे खुद्री मिळाला तो पट्टा याच नदीच्या खालच्या अंगाला आहे. तिथे गोट्यांचा तळ किती उरलाय, डोह किती उरलेत, हे कुणीतरी पाण्यात उतरून एकदा मोजावं, अशी आमची या सभागृहातल्या तरुण मंडळींना विनंती आहे. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, तळ दिसतो तेव्हा. बूट घालून जा, काचा फार आहेत.

आता प्रश्न घेऊ.